व्याजावर जगणारी पुस्तकं

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे हर्बर्ट हॉल हे गव्हाचे व्यापारी. हॉल-बेकर ग्रेन कंपनी ही त्यांची पेढी. आजूबाजूच्या सपाट मुलखातला गहू रेल्वेनं शहरात यायचा, उंच कोठारांत चढायचा, त्याचे भाव ठरायचे आणि तो पुन्हा रेल्वेनं बाहेर पडायचा. या ये-जा करणाऱ्या दाण्यांवर हॉल यांनी बक्कळ पैसा केला. १९३८ साली त्यांच्या पत्नी लिंडा गेल्या, १९४१ साली ते स्वतः. मृत्युपत्रात सुमारे ६० लाख डॉलर ठेवलेले होते. आमच्या राहत्या घराच्या आवारात लोकांसाठी मोफत ग्रंथालय काढा आणि त्याला लिंडाचं नाव द्या, अशी इच्छा.

ग्रंथालय कसलं, ते मात्र त्यांनी विश्वस्तांवर सोडलं.

मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथंच. पैसे देणाऱ्याला सहसा मतं फार असतात. शिकागोचे जॉन क्रेरार घ्या. रेल्वेला लागणारं सामान पुरवून श्रीमंत झालेले, अविवाहित, कट्टर प्रेस्बिटेरियन गृहस्थ. १८८९ साली वारले तेव्हा त्यांनीही सुमारे २५ लाख डॉलर मोफत ग्रंथालयासाठी ठेवले होते. पण सोबत ताकीद दिली होती. नुसती भजनं आणि प्रवचनं ठेवा असं माझं म्हणणं नाही, पण घाणेरड्या फ्रेंच कादंबऱ्या आणि नास्तिकांचा कचरा माझ्या ग्रंथालयात कधीही दिसता कामा नये! विश्वस्तांनी मग विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक असे विषय निवडले. खरं कारण व्यवहारी होतं. शिकागोत साहित्य आणि इतिहासासाठी न्यूबेरी ग्रंथालय होतं, सर्वसामान्य वाचकांसाठी पालिकेचं होतं, उरलं ते यांनी घेतलं. तरी मला आपलं वाटतं की विश्वस्तांपैकी एखाद्यानं मनातल्या मनात हुश्श केलं असेल. बॉयलरच्या पुस्तकात चावट काय सापडणार?

लिंडा हॉल ग्रंथालयाच्या विश्वस्तांनीही तोच हिशेब केला. जाणकारांना विचारलं, शहरात काय आहे आणि काय नाही ते पाहिलं. विज्ञान-तंत्रज्ञानाचं दमदार ग्रंथालय आसपास कुठंच नव्हतं. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, कारखाने जोरात. निर्णय झाला आणि १९४६ साली हॉल दांपत्याच्या बंगल्यातच ग्रंथालय उघडलं. दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, शेजारी नवी इमारत उभी राहिली. पुढे बंगलाही पाडला. आवारातली झाडं मात्र राखली, वाढवली, त्यांना नावाच्या पाट्या लावल्या. आज तिथं चौदा एकरांचं वृक्षोद्यान आहे. दुपारी लोक कुत्री फिरवायला येतात, त्यातल्या निम्म्यांना आत काय आहे याचा पत्ता नसतो.

मी या शहरात पाण्याच्या नळयोजनांचं काम करते. म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, मैलोन्‌मैल पाइप आणि त्यांची आकडेमोड. माझा या ग्रंथालयाशी संबंध आला तो एका आकड्यापायी. वाहत्या पाण्याचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाणी जागच्या जागी अडतं, आणि अडल्याचा धक्का पाइपभर लाटेसारखा पळत जातो. जुन्या इमारतींत नळ बंद केल्यावर भिंतीतून ठक्‌ असा आवाज येतो ना, तो हाच. मोठ्या जलवाहिनीत हा ठक्‌ पाइप फोडू शकतो. लोखंडी पाइपात ही लाट सेकंदाला साधारण १००० मीटर वेगानं धावते. सेकंदाला फक्त १ मीटर वेगानं वाहणारं पाणी एकदम थांबवलं, तर दाब जवळजवळ १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका वाढतो. तीस मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत उभं पाणी डोक्यावर घेतल्यासारखं! हे सूत्र जगभरचे अभियंते निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखतात. मॉस्कोतले नळ फुटत होते, म्हणून १८९७-९८ मध्ये त्यांनी तिथल्या अलेक्सेयेव्ह जलकेंद्रात २, ४ आणि ६ इंची नळ जमिनीवर अंथरून प्रयोग केले. पुढे ते रशियन विमानविद्येचे जनक म्हणून गाजले. पाण्याचं काम त्यांच्या चरित्रात दोन ओळींत उरकतात, याचा मला जरा राग आहे.

एका अहवालात झुकोव्स्कींच्या नावावर एक आकडा दिला होता, आणि तो मला खटकत होता. त्या अहवालानं तो दुसऱ्या अहवालातून उचलला होता, आणि त्यानं तिसऱ्यातून. मूळ प्रबंध सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या वृत्तात, म्हणजे तिच्या संशोधन-पत्रिकेत, जर्मनमध्ये छापलेला. वरिष्ठ म्हणाले, ‘‘चेरी स्ट्रीटला, लिंडा हॉलमध्ये जाऊन बघ, तिथं असेल.’’ मला वाटलं चेष्टा करतायत.

तिथं होता. ओळखपत्र दाखवा, सभासद व्हा, अनामत भरा असलं काही नाही. टेबलावरच्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि थोड्या वेळानं ढकलगाडीवरून एक जाडजूड बांधीव खंड आला. पुस्तक घरी नेता येत नाही, तिथंच बसून वाचायचं. मी जर्मन वाचत नाही, पण तक्ते आणि आलेख वाचायला भाषा लागत नाही. दाब वर चढतो, सपाट राहतो, खाली कोसळतो, पुन्हा चढतो, अशा दातेरी रेघा घडीच्या मोठ्या पानांवर छापल्या होत्या. घडी उलगडताना कागद करकरला. एका तक्त्याच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं छोटी टिकमार्क केली होती. म्हणजे माझ्याआधी निदान एक माणूस इथपर्यंत पोचला होता. आणि अहवालातला आकडा चुकलेला होता, एकक बदलताना कुणाची तरी गफलत झाली होती. काम झालं.

पण मी पानं चाळत पुढं गेले आणि थांबले. त्याच खंडातल्या पुढच्या प्रबंधाची पानं कापलेलीच नव्हती. पूर्वी छापील कागद दुमडून तसाच शिवायचे. वाचणाऱ्यानं सुरीनं कडा फाडायची. शंभर वर्षांवर तो खंड जगात आहे, या खोलीत दशकानुदशकं योग्य तापमानाला, योग्य दमटपणाला जपून ठेवलाय, वर्षाला त्याच्या जागेचं भाडं म्हणा, विजेचं बिल म्हणा, कुणीतरी भरतंय, आणि तो प्रबंध कुणीही, एकदाही, वाचलेला नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही सभेत हे सांगितलं तर लोक उठून विचारतील, ‘‘मग ठेवलाय कशाला?’’ प्रश्न चूक नाही. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. वर्ग मिळवायचा तर पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती, हे दाखवावं लागतं. सरकारी पैसा लोकांचा असतो, त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण हिशेब दर वर्षी मागितला की दर वर्षी दाखवण्यासारखंच ठेवावं लागतं. न फाडलेल्या पानांचा रकाना कुठल्याच तपासणी तक्त्यात नसतो.

हॉल यांच्या पैशानं विकत घेतली ती नेमकी ही सूट. मुद्दल हलवायचं नाही, व्याजावर चालायचं, आणि यंदा किती जण आले हे विचारायला दारात कुणी येणार नाही. अशी मोकळीक मिळाली की दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर आळस माजतो, विश्वस्त चहापाण्यापुरते उरतात. किंवा मग कुणीतरी पन्नास वर्षांनी लागेल असं काहीतरी आजच घेऊन ठेवतं. इथं दुसरं झालं, आणि त्याचं श्रेय मी पहिले ग्रंथपाल जोसेफ शिपमन यांना देईन. १९४६ सालीच या नव्या कोऱ्या ग्रंथालयानं बोस्टनच्या अमेरिकन अकादमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसचा संग्रह एकरकमी विकत घेतला. ही अकादमी १७८० ची, आणि संग्रह ६२ हजार खंडांहून मोठा. जुन्या काळी विद्वत्सभा आपापली वृत्तं एकमेकींना धाडायच्या. लंडन, पॅरिस, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग; सगळीकडून बाडं यायची, कपाटात जायची. बोस्टनला ती जड झाली होती. गव्हाच्या गावानं उचलली. नवश्रीमंतानं खानदानी वाड्यातलं सामान लिलावात घ्यावं तसं कुणाला वाटलं असेल तर असो. पण इथं सामान वापरात राहिलं.

हीच तऱ्हा पुढेही. रशियन, जपानी, पूर्व युरोपीय वैज्ञानिक नियतकालिकं इथं जमा होत गेली. अमेरिकेच्या मध्यभागी, जिथं रशियन वाचणारा शोधूनही मिळणं कठीण, तिथं रशियन धातुशास्त्राचे अंक मांडून ठेवायचे म्हणजे वेडेपणाच. मग ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक आकाशात गेला आणि रशियन लोक काय छापतायत हे अख्ख्या अमेरिकेला अचानक वाचायचं होतं.

१९९५ चा प्रसंग मला त्याहून बोलका वाटतो. न्यूयॉर्कमध्ये स्थापत्य, यंत्र, खाण, वीज अशा अभियंत्यांच्या संघटनांनी मिळून एक मोठं ग्रंथालय चालवलं होतं, १९१३ पासून. त्यांच्या इमारतीसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँड्र्यू कार्नेगी यांनी भरघोस पैसा दिला होता. इमारतीला नाव, इमारतीला मान. पण पुस्तकं जपायचा रोजचा खर्च कुणाच्या तरी वर्गणीतून यायचा होता, आणि वर्गणी देणाऱ्यांना एक दिवस तो जड वाटू लागला. संग्रह कॅन्सस सिटीला आला. त्यात पनामा कालव्यावर राबलेल्या ए. बी. निकल्स नावाच्या अभियंत्यानं जमवलेली कागदपत्रं आहेत: छायाचित्रं, नकाशे, अहवाल, चिकटवलेली कात्रणं. कालवा खणताना माणसानं हाताशी आलं ते ते ठेवून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला अशी माणसं आवडतात. त्यांच्या घरच्यांना बहुधा आवडत नाहीत.

क्रेरार यांच्या ग्रंथालयाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं; नाहीतर ही सगळी मुदत ठेवीची जाहिरात होईल. ते १८९७ मध्ये उघडलं, काही काळ शिकागोच्या ऐन मोक्याच्या जागी दिमाखात उभं होतं. पण विज्ञानाची नियतकालिकं दर दशकाला फुगत गेली, त्यांच्या किमती त्याहून फुगल्या, आणि क्रेरारांचं मुद्दल तेवढं फुगलं नाही. १९६२ मध्ये ग्रंथालय एका तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात गेलं, १९८४ मध्ये शिकागो विद्यापीठात विलीन झालं. नाव उरलं, स्वतंत्र संसार संपला. ठेव असली म्हणजे सुटलो असं नसतं. लाकडासारखी ठेवीलाही वाळवी लागते, फक्त ती महागाईच्या रूपानं येते.

आणि मुंबईत? काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय आज आपण ओळखतो ते लांब आरामखुर्च्या, मागची बाग आणि दुपारच्या डुलकीसाठी. पण त्याचा उगम १८४७ चा, टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण मेकॅनिक-फोरमन मंडळींचा. यंत्रांचे नमुने ठेवायचे, तांत्रिक विषयांवर व्याख्यानं करायची, पुस्तकं जमवायची, असा बेत होता. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट हे नाव ससून यांच्या नावाला कित्येक वर्षं जोडलेलं होतं. दगडी इमारत १८७० मध्ये उभी राहिली आणि ती आजही देखणी आहे. यंत्रांचे नमुने कुठं गेले, हे व्हरांड्यात पेंगणाऱ्या वकीलसाहेबांना विचारण्यात अर्थ नाही.

गव्हाचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या घरी अमेरिकेचं धान्य म्हटलं की आई नाक मुरडायची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकी ज्वारी, तिच्या पिढीनं रांगेत उभं राहून आणला आणि डोळे मिटून खाल्ला. पण त्याआधीची एक गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. १९५१ मध्ये भारतानं अमेरिकेकडून गहू घ्यायला १९ कोटी डॉलरचं कर्ज काढलं. त्या कर्जाच्या व्याजातले पहिले ५० लाख डॉलर अमेरिकेनं शैक्षणिक देवाणघेवाणीला लावायचं ठरवलं. त्यातून भारतातल्या विद्यापीठांना अमेरिकी वैज्ञानिक पुस्तकं आणि उपकरणं मिळाली. पुढे पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली गहू आला. त्याची किंमत भारतानं रुपयांत भरली, आणि १९६२ पासून त्या रुपयांतून भारतीय पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना धाडली गेली. शिकागो विद्यापीठात मराठी कथा-कवितांचा जो मोठा साठा आहे, त्याच्या मागे हा गहू आहे. तिथल्या एका कपाटात मला एका तालुक्याच्या गावी छापलेला काव्यसंग्रह दिसला, आणि हा कवीच्या स्वतःच्या गावच्या वाचनालयात तरी असेल का, असं मनात आलं. शंका वाटते.

त्याच आवारात क्रेरारची विज्ञानाची पुस्तकं. ती फ्रेंच कादंबऱ्यांच्या शेजारी नांदतात, हे मृत्युपत्र लिहिणाऱ्याला कळलं नाही तेच बरं.

लिंडा हॉलमध्ये सगळं मी वापरते तसं रुक्षच नाही. दुर्मीळ पुस्तकांच्या खोलीत कोपर्निकसचं १५४३ चं पुस्तक आहे, न्यूटनचं १६८७ चं आहे. मला ओढ लागली ती हेवेलियसच्या चंद्राची. योहानेस हेवेलियस हा डान्झिगचा, म्हणजे आजच्या ग्दान्स्कचा, बिअर बनवणाऱ्या घराण्यातला माणूस. घराच्या छपरावर वेधशाळा बांधून त्यानं वर्षानुवर्षं चंद्र पाहिला आणि जे दिसलं ते स्वतःच्या हातानं तांब्याच्या पत्र्यांवर कोरलं. १६४७ मध्ये ‘सेलेनोग्राफिया’ छापून निघालं. त्यातले चंद्र बघताना नाक पानाला टेकेल इतकं जवळ जावंसं वाटतं (जाऊ देत नाहीत). सावली नुसत्या बारीक समांतर रेघांनी केलेली. रेघा दाट झाल्या की विवर खोल होतं, विरळ झाल्या की कडा उजळते. एक रेघ चुकली तर तांब्यावर खोडरबर चालत नाही. असं सांगतात की त्याच्या पश्चात चंद्राचा मूळ पत्रा वितळवून त्याचं चहाचं भांडं केलं. खरं असेल-नसेल. पण हेवेलियसच्या घरच्यांकडे ते करायचं कारण होतं, तांब्याला भाव होता.

आता या ग्रंथालयापुढे जी अडचण आहे ती वाळवीची नाही. कागदाचा अंक घेतला की तो तुमचा झाला. प्रकाशक बुडाला, भांडला, त्यानं किंमत वाढवली, तरी कालचा अंक कपाटात राहतो. आजची नियतकालिकं ऑनलाइन येतात, ती भाड्यानं मिळतात. वर्गणी थांबली की बऱ्याचदा मागचंही दार बंद. शिवाय करारात कोण वाचू शकतो हे लिहिलेलं असतं, आणि ‘रस्त्यावरून आत आलेला कुणीही’ हा वाचक प्रकाशकांना फारसा पटत नाही. हॉल यांना नेमका तोच वाचक हवा होता. विद्यापीठाकडे निदान मोजता येतील असे विद्यार्थी असतात. इथं मोजायचं कुणाला? चौदा एकरांतल्या कुत्र्यांनाही धरायचं का, असा विनोद मी ऐकलाय. मला वाटतं, पुढच्या पन्नास वर्षांत कुणी आजचा एखादा चुकीचा आकडा तपासायला निघालं, तर झुकोव्स्कीपर्यंत पोचणं त्यांना सोपं जाईल आणि माझ्या पिढीच्या अहवालांपर्यंत पोचणं अवघड.

हे सगळं मी सविस्तर लिहितेय त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला ग्रंथालय द्यायचं ठरवलंय. ग्रुपवर आराखडे फिरतायत: दुमजली, वर वातानुकूलित अभ्यासिका, दर्शनी भागात काच. मी विचारलं, पुस्तकांना आणि ग्रंथपालाच्या पगाराला काय ठेवलंय? खजिनदार म्हणजे माझा बाकावरचा जुना शेजारी. तो म्हणाला, ‘‘अगं, ते शाळा बघेल की.’’ शाळा कुठून बघणार? शाळेच्या ग्रंथपालाची जागा रिकामी होऊन किती काळ लोटला ते त्यालाही माहितेय. मी सुचवलं, इमारत एक मजल्याची करू, उरलेले पैसे मुदत ठेवीत टाकू, व्याजातून दर वर्षी विज्ञानाची नियतकालिकं घेऊ आणि अर्धवेळ का होईना, एक माणूस नेमू. त्यावर त्याचं उत्तर होतं, ‘‘इमारत दिसते तरी. एफडी कुणाला दाखवणार?’’ खाली एकोणीस अंगठे.

आमचे विज्ञानाचे सर अजून आहेत, ऐंशी ओलांडलीय. त्यांना फोन केला. हॉल यांची सगळी हकिगत सांगितली, न फाडलेल्या पानांसकट. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पण बाळ, नियतकालिक येऊन पडलं आणि कुणी वाचलंच नाही तर मुलांना दटावणार कोण? तिथं दटावणारं कुणी आहे का?’’ नाही म्हटलं. ‘‘मग पगाराचं आधी बघा,’’ सर म्हणाले.

माझा वाटा मी वेगळा काढलाय, ठेवीसाठी, आणि व्याज फक्त माणसाच्या पगाराला जाईल या अटीवर. खजिनदारानं कळवलं की अट घालून देणगी घ्यायची तर त्याला वेगळा ठराव लागतो, आणि ठराव वार्षिक सभेतच होतो. सभा दिवाळीनंतर आहे. तोवर काचेची निविदा निघतेय.